डाव्या कानाशी

पक्षाचा निरीक्षक चार वाजता येणार होता, म्हणून घरात भांडण तीनलाच सुरू झालं.

या घरातली सगळी खरी भांडणं पुढच्या खोलीत व्हायची. तिला घरचेसुद्धा ऑफिस म्हणायचे. एकात एक बसवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांचा मनोरा, कोपऱ्यात गेल्या निवडणुकीचे गुंडाळलेले फ्लेक्स, आणि भिंतभर साहेब. साहेब पुलाची फीत कापताना. साहेब बस डेपोत डांबराच्या पिंपावर चढून कामगारांपुढे हात उगारताना, तेव्हा केस काळेभोर आणि पँट इतकी ढगळ की आत आणखी एक कामगार मावला असता. साहेब उपमंत्रिपदाची शपथ घेताना. ते सरकार वर्ष व्हायच्या आत गडगडलं, फोटो मात्र अजून खिळ्याला घट्ट धरून होता. आणि प्रत्येक फोटोत साहेबांच्या डाव्या खांद्यामागे अर्धा चेहरा आणि पाण्याचा ग्लास. तो अर्धा चेहरा आईचा.

"मी काय आप्पांचा गळा दाबायला सांगतोय का?" साहेबांचा थोरला मुलगा म्हणाला. अंगात कोरा पांढरा शर्ट, दुकानातली घडी अजून पोटावर तशीच. "ते स्वतःच्या तोंडानं सांगतील, तब्येत साथ देत नाही, आता तरुणांनी पुढं यावं. लोक रडतील. रडलेले लोक मत देतात."

"तरुण म्हणजे तू?" धाकटी म्हणाली. ती दातांची डॉक्टर. शेजारच्या शहरातला दवाखाना बंद करून, अर्धवट भरलेली एक दाढ तशीच सोडून आली होती. "तुझ्या टकलावर विमान उतरेल, दादा."

"तू दात बघ."

"तेच बघतेय. तू तोंड उघडलंस की आपोआप दिसतात."

काका फिस्सकन हसले आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. काका म्हणजे साहेबांचे सख्खे धाकटे भाऊ. आजवरचा प्रत्येक प्रचार त्यांनी चालवलेला. जीप कुठल्या गल्लीत कधी वळवायची, सभेत कोणाची खुर्ची कोणाच्या शेजारी चुकूनही ठेवायची नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात. "हे बघा," ते म्हणाले, "भाऊ उभा आहे तोवर दुसरं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. जीभ झडेल माझी."

"काका, ती क्लिप बघितलीत ना तुम्ही?"

सगळ्यांनीच बघितली होती. घराघरात, रिक्षा स्टँडवर, न्हाव्याच्या दुकानात, सगळीकडे बघून झाली होती. गेल्या आठवड्यात नव्या पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाला साहेब गर्दीतून हात जोडत चालले होते आणि औषधांच्या दुकानदारापुढे थांबून, खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेनं म्हणाले होते, "आई कशी आहे? चालते का थोडं?" दुकानदाराची आई उन्हाळ्यातच गेली होती. तिच्या अंत्ययात्रेत साहेब पहिल्या रांगेत होते! क्लिपमध्ये दुकानदाराचा चेहरा दिसतो आणि मागून कुणीतरी खिदळतं. त्या खिदळण्यावर कुणीतरी गाणंसुद्धा चढवलं होतं.

"एकदा चुकतो माणूस," काका म्हणाले.

"त्याआधी छापखानेवाल्याला मुलीच्या लग्नाचं अभिनंदन केलं. तिचा घटस्फोट होऊन गेलाय. काका, आप्पांची आख्खी कमाई काय? पैसा? नाही. भाषण? भाषणात तर झोप लागते लोकांना. साहेब मला ओळखतात, एवढीच कमाई. तीच गेली, तर उरलं काय?"

थोरल्याचा आवाज जरा चिरकला आणि त्याचा त्यालाच राग आला. साहेबांना सगळ्या मतदारसंघातल्या पोरांच्या परीक्षा माहीत असायच्या. कोण नापास झालं, कोणाला गणितात किती पडले. थोरल्याला मात्र ते जेवताना विचारायचे, "कितवीत रे तू आता?" तो दरवर्षी सांगायचा. मोठा झाला, रस्त्यांची कंत्राटं घेतली, बापाच्या सभांचे मांडव घातले, बापासाठी मार खाल्ला, एकदा लॉकअपमध्ये बसला. आणि अजून त्याला वाटायचं की आप्पा आपल्याकडे बघतात तेव्हा क्षणभर आठवून बघतात.

"पाणीपुरवठा समितीचं अध्यक्षपद तुम्हालाच शोभेल, काका," तो शांतपणे म्हणाला. "मी नेहमी म्हणतो."

"नेहमी? मी नाही कधी ऐकलं."

"आता म्हणतोय ना."

काकांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला. उजेडात धरून बघितला, परत पुसला. चष्मा पुन्हा नाकावर चढला तेव्हा मागचे डोळे ओले झाले होते. "खरं सांगू का," ते म्हणाले, "भाऊची ही दगदग बघवत नाही रे."

"वा काका!" धाकटीनं टाळ्या वाजवल्या. "जीभ शाबूत आहे ना?"

एवढ्यात आई चहा घेऊन आली. सगळे गप्प झाले, जसे या घरात आई आली की होतात, कारण तिच्यापुढे साहेबांबद्दल बोलायचं धाडस कुणात नव्हतं. धाकटीनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. पाकच झाला होता चहाचा. थोरला हसून म्हणाला, "आज साखरेला सूट मिळालीय वाटतं." आईही हसली. तिनं ट्रे ठेवला आणि खोलीभर नजर फिरवून विचारलं, "साहेब आत आहेत. तुमचं काम काय म्हणून सांगू?"

"सांग, पोरं तिकीट मागायला आलीत," थोरला म्हणाला आणि सगळे हसले. आईची थट्टा करायची पद्धतच तशी होती, कोरड्या चेहऱ्यानं. धाकटी हसली नाही. पण तिच्याही मनात तेव्हा वडीलच होते.

*

साहेब पलंगाच्या कडेवर बसून बुटाला पॉलिश करत होते. हे काम ते कुणाला देत नसत. डेपोत कारकून असताना एकच जोड होता, तेव्हापासूनची खोड.

"आलीस? दार लाव," ते म्हणाले. "दादानं काकाला किती वेळात फोडलं?"

"आप्पा!"

"भिंत पातळ आहे गं. समितीच दिली ना? महाग पडला. मी त्याला एका जीपच्या चावीवर ठेवला आयुष्यभर."

धाकटीनं खुर्ची ओढली. रस्ताभर जे प्रश्न ठरवत आली होती ते सगळे विचारले. आज वार कोणता, शंभरातून सात सात वजा करा, मी सांगते ते तीन शब्द लक्षात ठेवा. साहेबांनी बुटावरून ब्रश न उचलता धडाधड उत्तरं दिली. वर, कुठल्या वॉर्डात गेल्या वेळी का मार खाल्ला, पुलाचा ठेकेदार कोणाचा साडू, विरोधकाच्या सभेत कोण पाय दाबत होतं आणि कोण पाय ओढत होतं, हेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "आणि तुझे तीन शब्द, कुलूप, लिंबू, शिडी. पास का?"

"पास," धाकटी म्हणाली. तिला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. "मग औषधवाल्याला तुम्ही…"

साहेबांनी बूट खाली ठेवला.

"आई माझ्यामागे उभी असते. का उभी असते, सांग."

"पाणी द्यायला. आम्ही लहानपणी म्हणायचो, आई आप्पांना पाणी पाजते आणि आप्पा लोकांना."

"हुशार कार्टी होतात," साहेब म्हणाले. "पाणी असतंच त्या ग्लासात. पण मला कधी तहान लागली नाही गं. मला माणसं लक्षात राहत नाहीत. कधीच राहिली नाहीत. आकडे राहतात, रस्ते राहतात, माणसं नाही. पहिली निवडणूक त्याच्यापायी हरलो. डेपोच्या मॅनेजरला चहावाला समजून दोन कप सांगितले होते भर सभेत! मग ती म्हणाली, मी उभी राहते मागे. वाकून तीनच गोष्टी सांगायची. कोण आहे, घरात काय चाललंय, कुठे दुखतंय. छापखानेवाला, मुलगी लग्नाची, गुडघा. की मी विचारायचं, 'गुडघा काय म्हणतो?' आणि माणूस विरघळायचा."

भिंतीवरचे सगळे फोटो धाकटीच्या डोळ्यांपुढून गेले.

"म्हणजे औषधवाल्याचं…"

"तिनं जे सांगितलं ते मी बोललो."

"तुम्हाला माहीत नव्हतं ती बाई गेलीय?"

"बोलायला लागलो आणि आठवलं. त्याचा चेहरा बघून." साहेबांनी ब्रशमधले केस उपटल्यासारखे केले. "घरी आल्यावर तीच मला रागावली. म्हणे, मी नीट सांगितलं होतं, तुम्हालाच ऐकू आलं नाही, कान तपासून घ्या. मी म्हटलं, घेतो. तिला वाटतंय मी बहिरा झालोय."

बाहेर थोरला फोनवर कुणालातरी खुर्च्या पुसून मांडायला सांगत होता. धाकटीला चहातली साखर आठवली आणि 'तुमचं काम काय म्हणून सांगू' आठवलं.

"तिला दाखवायला हवं, आप्पा. या आठवड्यातच."

"दाखवलं की बरं होतं?"

दातांची असली तरी डॉक्टर होती. खोटं बोलता आलं नाही. "नाही. थोडं लांबवता येतं."

"मग ने. पण आज नाही, आणि दवंडी पिटून नाही. आज मी सांगणार आहे की माझंच डोकं चालत नाही. दादाला तिकीट मिळेल. त्याला हवंय, घेऊ दे. तिला मात्र कळता कामा नये की चूक तिची होती. मला मंत्रिपद मिळालं तेव्हा ती काय म्हणाली माहितेय? 'झालो बाई आपण एकदाचे मंत्री.' आपण! तिच्याकडे तेवढंच आहे."

"आणि लोकांना कळलं तर तुमचंही जाईल. साहेब आपल्याला ओळखतात म्हणून ज्यांनी जन्मभर मतं दिली, त्यांना कळेल की साहेब कुणालाच ओळखत नव्हते. अब्रू नक्की कोणाची वाचवताय, आप्पा? तिची का तुमची?"

साहेबांनी बूट पुन्हा उचलून आत बघितलं, जणू उत्तर आत पडलं होतं.

"मला ती वेगवेगळी करता येत नाही," ते म्हणाले. "तू बोलणार नाहीस. शब्द दे."

धाकटीनं शब्द दिला. तो देतानाच तिला कळलं की हा शब्द नसून दाढेत विसरलेला कापूस आहे. रोज जिभेला लागणार.

*

निरीक्षक आला, गोरागोमटा, अत्तर लावलेला, प्रत्येकाला 'अरे वा' म्हणणारा. ऑफिसात कार्यकर्ते भिंतीला टेकून उभे होते, खिडकीतून आणखी डोकी आत आली होती. साहेब मधल्या खुर्चीवर बसले. आई त्यांच्यामागे उभी राहिली.

उभं राहिलं की आईला बरं वाटायचं. हल्ली सकाळी उठल्यावर घर जरा परकं असायचं, डब्यांनी जागा बदललेल्या असायच्या, कपाट दुसऱ्याच बाजूला उघडायचं. पण इथे, या खांद्यामागे, सगळं जागेवर यायचं. समोर चेहरे आले की आतून आपोआप वर यायचं, हा कोण, घरात काय, कुठे दुखतं. आजही येत होतं. भराभर येत होतं. कोणी चुकीचं आहे असं म्हणतच नव्हतं.

"मी थोडक्यात बोलतो," साहेब म्हणाले. "माझी स्मरणशक्ती गेलीय. तुम्ही क्लिप बघितली असेल. मी थांबतो. माझ्या मुलाला…"

"काही गेलेली नाही!"

सगळी खोली दचकली. आईचा आवाज या खोलीत कुणी मोठ्यानं ऐकलाच नव्हता. "अहो, असं काय बोलता? यांना सगळी माणसं पाठ आहेत. एकेक माणूस! कानाला जरा कमी ऐकू येतं, बाकी काही नाही. विचारा तुम्ही. समोर उभं करा कुणालाही."

निरीक्षक अवघडून हसला. "बाईसाहेब, परीक्षा कशाला…"

"विचारा म्हणते ना!"

कुणी पुढे येईना. औषधवाल्याची गंमत झाली तशी आपली होऊ नये म्हणून माणसं भिंतीत शिरायला बघत होती. काका चष्मा पुसत होते. आणि थोरला दाराच्या चौकटीला टेकला होता तो सरळ झाला. बाप आज सगळ्यांसमोर स्वतःला मोडीत काढायला बसला होता, तेही आपल्यासाठी, आणि आई एकटी त्याच्यासाठी भांडत होती. गेलं खड्ड्यात तिकीट. आप्पांना सोपा प्रश्न हवा होता ना? जगातला सगळ्यात सोपा प्रश्न तो होता. तो दारातून दोन ढांगांत पुढे आला. मागून ऊन येत होतं, नवा पांढरा शर्ट लख्ख झाला होता.

"मला विचारा," तो निरीक्षकाला म्हणाला. हसत होता. "सांगा आप्पा. मी कोण?"

खोली हसली. सुटल्यासारखी हसली.

आई वाकली. ग्लासातलं पाणी जराही हललं नाही. साहेबांच्या डाव्या कानाशी तिचा श्वास आला, तसाच, पहिल्या सभेत आला होता तसा, आणि ती खात्रीनं, भरभर म्हणाली, "शाळेच्या शिपायाचा मुलगा. नोकरीसाठी खेटे घालतोय. बाप अंथरुणाला खिळलाय."

साहेबांनी मुलाकडे बघितलं. किती मोठा झाला होता. कपाळावर खोक होती, दगडफेकीतली, आपल्याच सभेतली. 'हा माझा मुलगा' एवढे तीन शब्द. टाळ्या पडल्या असत्या. आणि मागचा श्वास थांबला असता. ती वळून त्या चेहऱ्याकडे बघत राहिली असती, आपल्या पोटच्या पोराकडे, आणि तिला कळलं असतं. एकदम, एवढ्या लोकांत, सगळं कळलं असतं.

धाकटीनं तोंड उघडलं. साहेबांनी फक्त तिच्याकडे बघितलं. तिनं मिटलं.

"ये रे," साहेब म्हणाले आणि हात पुढे केला. आवाजात तीच माया, जिच्यावर मतदारसंघ आयुष्यभर फिदा होता. "नोकरीचं मी बोललोय शाळेत, काळजी करू नकोस. बाबा कसे आहेत? उठतात का अंथरुणातून?"

खिडकीतली डोकी हळूहळू मागे गेली.

थोरला तिथेच उभा राहिला. हसू चेहऱ्यावरून काढायला विसरला होता, ते तसंच वाळत चाललं होतं. निरीक्षकानं पेनाला टोपण लावलं, घसा साफ केला, आणि हळू आवाजात काकांना म्हणाला की वर तो तसं कळवेल, मुलाचं नाव जवळजवळ नक्की समजा, आणि साहेबांना जपा. जाताना त्यानं साहेबांना वाकून नमस्कार केला. आई अभिमानानं म्हणाली, "बघितलंत?" तो म्हणाला, "हो बाईसाहेब, बघितलं."

*

कार्यकर्ते डोळे पुसत गेले. कुणी खुर्च्या गोळा केल्या नाहीत. काका गेटपाशी उभे राहून 'नाही हो, अचानकच' असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, आणि सांगता सांगता खरंच रडत होते.

"आप्पांसाठी दिवसाचं माणूस ठेवू," थोरला म्हणाला. धाकटीला वाटलं त्याचा आवाज दुसऱ्याच कुणाचा आहे. "नको, आईच बघेल. आई, आप्पांना आता एकटं सोडायचं नाही. गोळ्या तुझ्या हातानंच द्यायच्या. गॅस, दाराची कडी, सगळं तूच बघायचं. कळलं ना?"

"मीच बघते की सगळं," आई म्हणाली.

"दादा, ऐक," धाकटी म्हणाली. "गॅसचं… आईवर सगळं टाकू नकोस. मी येऊन राहते."

"का? आईला काय धाड भरलीय?"

धाकटी बापाकडे बघत राहिली. साहेबांनी नजर पायातल्या बुटांकडे वळवली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की त्यांनीही हा भाग हिशोबात धरला नव्हता. आज एक दिवस पार पाडायचा एवढंच त्यांनी ठरवलं होतं. उद्याचं कुणी ठरवलंच नव्हतं. उद्या आई गोळ्या मोजणार होती.

थोरला बापाच्या खुर्चीपुढे गुडघ्यावर बसला. नव्या शर्टावर घामाचा नकाशा उमटला होता. त्याला तिकीट मिळालं होतं. त्यानं साहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि लहान मुलाशी बोलतात तसं, सावकाश, मोठ्यानं बोलला.

"आप्पा. मी आहे. घाई नाही. नीट बघा बरं. ओळखलंत का मला?"

साहेबांचे ओठ हलले. त्यांनी मान वळवून मागे बघितलं.

आई थोरल्याकडेच बघत होती. आलेल्या माणसाकडे बघावं तसं छान हसत होती. या वेळी ती वाकली नाही. तिला काही सुचतच नव्हतं.

साहेबांनी पुन्हा मुलाकडे तोंड केलं. हात हळूच सोडवून घेतला आणि समोरची खुर्ची दाखवली.

"बसा ना," ते म्हणाले. "चहा घ्या."